युफोनियमचा टेकू निखळला: एपॉक्सीने चिकटवायचा की डाग लावायचा?

बाजावाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या बँडमध्ये एक जुनं पितळी युफोनियम, म्हणजे फुंकून वाजवायचा मोठा बाजा, आहे. भोंगा आणि शेजारची नळी यांना जोडणारी छोटी आडवी पट्टी, म्हणजे टेकू, एका बाजूने सुटला होता. कुणीतरी तो दोन ट्यूबमधला माल कालवून लावतात त्या एपॉक्सी गोंदाने बसवून दिला. फाल्गुनात लावलेला टेकू वैशाखात, ऐन लग्नसराईत, पुन्हा हातात आला. आता तालुक्याच्या गावी पितळी भांड्यांना डाग लावणाऱ्या, म्हणजे सोल्डर करणाऱ्या, कारागिराकडे नेलं, तर त्याने जागा पाहूनच वाद्य परत दिलं. गोंद लागलेल्या जागी डाग धरत नाही, म्हणाला.

बँडमधल्या पोरांचं म्हणणं, आणखी चांगला गोंद आणून लावू. मोठ्या माणसांचं म्हणणं, गोंद खरवडून सोल्डरच करून घ्या. शिवाय भजनी मंडळाच्या टाळांपैकी एकाला काठावर चीर गेली आहे आणि मंदिरातल्या पेटीचा एक सूर मुका झालाय. ही वाद्यं वर्गणीतून आलेली आहेत. पुन्हा घ्यायची म्हटलं तर मोठं काम आहे. तेव्हा कुठे गोंद चालतो, कुठे सोल्डर आणि कुठे दोन्ही चालत नाही, हे कारणासकट सांगा. नुसतं "हे लावा" नको. कारण कळलं तर पुढच्या वेळी आमचं आम्हाला ठरवता येईल.

पूर्वा_यवतमाळ

एपॉक्सीला इतकं कमी लेखू नका. विमानांचे धातूचे भागसुद्धा गोंदाने जोडतात. फरक पडतो तो तयारीने. लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, आणि मळ काढून पॉलिश पेपरने पितळ खरखरीत केलं का? तेलकट हात लागला होता का? दोन्ही ट्यूबमधला माल सारखा घेऊन नीट कालवला का? हे न करता लावला असेल तर तो सुटणारच. घरी गॅसची ज्योत घेऊन जुन्या वाद्याला जाळण्यापेक्षा गोंद निदान वाद्याचं नुकसान करत नाही.

कासारआळी_भंडारा

पूर्वाताईंचं तयारीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण नुकसान करत नाही, हे मला मान्य नाही. त्याच्याकडे शेवटी येतो. आमचं घराणं पितळेच्या कामातलं. भंडाऱ्यात पितळी भांड्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. आता भांडी कमी झाली, पण बँडवाल्यांची वाद्यं आजही आमच्याकडे येतात.

आधी सोल्डर नेमकं काय करतं ते पाहा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. सोल्डर म्हणजे कथील, जुन्या प्रकारात त्यात शिसंही. ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असलेली तार १८३ अंशाला वितळू लागते आणि १९० च्या आसपास पाण्यासारखी पातळ होते. पितळ वितळायला ९०० च्या वर जावं लागतं. म्हणजे मूळ धातूला धक्का न लावता काम होतं. स्वच्छ पितळावर वितळलेलं कथील नुसतं चिकटून बसत नाही, ते तांब्याशी मिळून मधे एक पातळ थर तयार करतं. तो थर धातूचाच असतो. दोन भागांमध्ये केसाएवढी फट असेल तर सोल्डर स्वतःहून आत ओढलं जातं. कारखान्यातून वाद्य येतं तेव्हा टेकू, नळ्यांची तोंडं, वॉल्वचे सांधे असेच जोडलेले असतात. वाद्य बनवणाऱ्यानेच ठरवलेलं असतं की हा सांधा उद्या गरम करून सोडवता यावा आणि पुन्हा लावता यावा.

बँडच्या वाद्याला हे फार महत्त्वाचं. ते पडतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आदळतं, पोचे येतात. पोचा काढायला कारागिराला आधी नळी सुटी करावी लागते. सोल्डरचा सांधा ज्योत दाखवली की दोन मिनिटांत सुटतो. गोंद लावलेला सांधा वाद्याला नको तेव्हा सुटतो आणि कारागिराला हवा तेव्हा सुटत नाही. वर त्या जागी पितळाच्या बारीक ओरखड्यांत एपॉक्सी उरतो आणि तिथे कथील पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. तुमच्या तालुक्यातल्या माणसाने म्हणूनच हात लावला नाही. पुढच्या कारागिराची वाट बंद होते, हे नुकसानच आहे.

धातूमित्र_वर्धा

मी अभियांत्रिकीच्या मुलांना धातुशास्त्र शिकवतो. फाल्गुनात लावलेला गोंद वैशाखात का सुटला, त्याचं उत्तर आपल्या उन्हात आहे.

घरगुती तापमानाला घट्ट होणारे बहुतेक साधे एपॉक्सी ५० ते ६० अंशाच्या पट्ट्यात मऊ पडू लागतात. वितळत नाहीत, पण काचेसारखा कडकपणा जाऊन चिवट रबरासारखे होतात. वैशाखात आपल्याकडे सावलीतलं तापमान ४५ च्या घरात जातं. दुपारच्या वरातीत उघड्या उन्हात असलेलं पितळ त्याहून कितीतरी जास्त तापतं, हात लावला की चटका बसतो. तिथेच गोंदाची मर्यादा येते. विमानांसाठी वापरतात ते गोंद वेगळे. बरेचसे भट्टीत, दाबाखाली, तापवून पक्के करतात आणि सांधाही त्या हिशेबाने रुंद आखलेला असतो.

दुसरं कारण प्रसरणाचं. तापल्यावर पितळ जेवढं वाढतं त्याच्या काही पट एपॉक्सी वाढतो. दुपारी तापणं, रात्री निवणं, पुन्हा दुपारी तापणं, असं रोज चाललं की कडेपासून सांधा उकलत जातो. आणि गोंद सरळ ओढायला बराच ताण सहन करतो, पण एका कडेने सोलल्यासारखा ताण आला की लगेच हरतो. टेकूचा पाया नखाएवढा. वाजवणारा वाद्य खांद्यावर घेतो, वळतो, चालतो. प्रत्येक पावलाला त्या पायावर सोलणाराच ताण येतो.

आता सोल्डरची बाजूही सांगतो, म्हणजे एकतर्फी होणार नाही. सोल्डरसुद्धा सतत ताणाखाली हळूहळू सरकतं. १८३ अंशाला वितळणाऱ्या धातूसाठी ४५ अंश हे तसं गरमच हवामान आहे. म्हणून वाकलेली नळी जोर लावून जागेवर दाबून धरायची आणि तशीच सोल्डर करायची, हे चूक. नळी आधी सरळ करा. टेकू हाताने ठेवल्यावर दोन्हीकडे आपोआप टेकला पाहिजे. तसा टेकत नसेल तर सोल्डरही काही महिन्यांत सुटेल आणि मग दोष सोल्डरला दिला जाईल.

अकोटचा_झांजवाला

राजेहो, तुमचं सगळं खरं हाय. पन भर वरातीत पट्टी सुटली त मानूस कासार शोधाले जाईन का? नवरदेव दारात उभा हाय, वाजवनं त थांबत नाई. अशा टायमाले सुटलेल्या पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा अन् तांब्याच्या बारीक तारानं आवयून बांधा. वरून कापडी पट्टी गुंडाळा. कार्यक्रम निभावते. घरी आल्यावर तार सोडली का वाद्य जसंच्या तसं. गोंद कायले लावता? तार सोडता येते, गोंद सोडता येत नाई.

अन् एक गोष्ट ध्यानात ठेवा भाऊ. गेट-ग्रिलवाल्या वेल्डरकडे पितळी बाजा कदी नेऊ नोका. आमच्या इकडच्या एका पार्टीनं नेला होता. नयीले बोट जाईन एवढं भोक पडलं.

धातूमित्र_वर्धा

झांजवाले भाऊंचा दुसरा मुद्दा ठळक अक्षरात लिहावा असा आहे. ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनची ज्योत ३००० अंशांच्या वर जाते आणि वाद्याचा पत्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. पितळातलं जस्त ९०७ अंशाला उकळतं. पांढरा धूर दिसला की समजा जस्त उडून चाललंय, आणि तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. भोक नाही पडलं तरी लाल होईपर्यंत तापलेलं पितळ मऊ पडतं. घडाईच्या ठोक्यांनी पत्र्याला आलेला ताठपणा निघून जातो, मग भोंग्याला साधा धक्का लागला तरी पोचा येतो. टाकणखार लावून केलेली पक्की झाळ मूळ बनावटीत भोंग्याच्या लांब शिवणीला वापरतात, पण ती ६०० अंशांच्या वरची कामं. दुरुस्तीत ती जाणकारानेच करावी.

खंजिरी_मोझरी

टाळ आणि पेटीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझं सासर गुरुकुंज मोझरीजवळचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीमुळे आमच्या भागात गावोगाव भजनी मंडळं आहेत आणि त्यांची वाद्यं सतत कुठे ना कुठे दुरुस्तीला आलेली असतात.

पेटीचा सूर मुका झाला असेल तर आधी तो सूर खरंच तुटलाय का ते पाहा. पुष्कळदा पितळी जिभेच्या आणि चौकटीच्या मधे धुळीचा कण किंवा तूस अडकलेलं असतं. जाड कागदाची पट्टी हलक्या हाताने खालून सरकवली की सूर बोलू लागतो. जीभच तडकली असेल तर मात्र गोंद नको आणि सोल्डरही नको. ती जीभ सेकंदाला शेकडो वेळा वाकते, तिचा जीव तिच्या लवचिकपणात आहे. डाग लावला तर जागा जड आणि ताठ होते, गोंद तर दोन दिवस टिकत नाही. त्याच स्वराचा नवा सूर बसवायचा आणि मग जुळवायचा. टोकाकडे बारीक घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. टोकाला सोल्डरचा थेंब ठेवला तर वजनाने स्वर खाली येतो. खर्जाच्या मोठ्या सुरांत वजनासाठी कारागीर तो मुद्दाम ठेवतात. म्हणून एखाद्या सुरावर डाग दिसला तर कुणीतरी दुरुस्ती केली असं समजून खरवडू नका, स्वर बिघडेल.

खंजिरीच्या चकत्यांना तर दोन्ही वर्ज्य. चकती खिळ्यावर सैल असली तरच छनकते. खिळा झिजला असेल तर खिळा बदला.

टाळाचं कासारकाका सांगतील.

कासारआळी_भंडारा

ताई, सुरांचं फार नीट सांगितलंत. टाळ आणि झांजेचं सांगतो.

चांगला टाळ काशाचा. तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील. कथील इतकं वाढलं की धातू कडक होतो, नाद लांबतो, पण तो ठिसूळही होतो. पितळी नळी वाकते, कासं तडकतं. चिरेत सोल्डर भरलं तर चीर बुजल्यासारखी दिसते, पण मऊ सोल्डर नाद खाऊन टाकतं आणि चार भजनांत पुन्हा उघडतं. एपॉक्सीचंही तेच, आवाज बसतो. शिवाय काशाला एका जागी ज्योत लावली तर वाटेल तिथे नवी चीर जाऊ शकते.

चीर काठावर आणि लहान असेल तर एकच उपाय. चिरेचं शेवटचं टोक भिंगाने शोधायचं आणि त्याच्या किंचित पुढे दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. ड्रिल अगदी सावकाश चालवायचं, धातू तापू द्यायचा नाही. चिरेच्या टोकाशी सगळा ताण एकवटलेला असतो, गोल भोकाने तो पसरतो आणि चीर पुढे जायची थांबते. भोकाची कड कानशीने गुळगुळीत करायची. काठ जरासाच तडकला असेल तर तेवढा भाग अर्धचंद्रासारखा घासून काढला तरी चालतं. नादात थोडा फरक पडेल, पण टाळ बोलत राहील. चीर मधल्या फुगीर भागात, दोरीच्या भोकाजवळ गेली असेल तर मोडीत देऊन नवा घ्या. घेताना जुना टाळ सोबत न्या आणि वाजवून जोडी जुळवा.

पूर्वा_यवतमाळ

वरची उन्हाची आणि सोलणाऱ्या ताणाची कारणं पटली. मग गोंदाला वाद्यांच्या दुरुस्तीत जागाच नाही का? क्लॅरिनेट, सॅक्सोफोनची भोकं झाकणाऱ्या गाद्यांना, म्हणजे पॅडना, तर काहीतरी चिकटवतातच.

धातूमित्र_वर्धा

आहे ना, मोठी जागा आहे. धातू दुसऱ्या कशाला तरी भेटतो तिथे गोंदच. सॅक्सोफोनच्या पितळी वाटीत चामड्याचं पॅड बसवायचं तर सोल्डर कसं करणार? तिथे पिढ्यान्‌पिढ्या लाख वापरतात. हीच ती आपल्या पळसावर, कुसुमावर येणारी लाख, शुद्ध करून कांडी केलेली. वाटी थोडी गरम केली की लाख मऊ होते, पॅड सरकवून बसवता येतं, निवलं की घट्ट. पुढच्या वर्षी पुन्हा गरम करून काढता येतं. सनईच्या लाकडावर पितळी भोंगा बसवतात तिथेही दोऱ्याचे वेढे आणि लाख पुरते. क्लॅरिनेटच्या सांध्याचा बूच चिकटवायला चपला-बुटांना लावतात तो रबरी गोंद चांगला. पेटीच्या भात्याला सरस किंवा लाकडाचा पांढरा गोंद.

एपॉक्सीलाही काम आहे. अ‍ॅल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही, तिथे सजावटीचा किंवा बिनताणाचा भाग एपॉक्सीने बसवावा. नळी कुजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलंय आणि हवा गळतेय, नवी नळी मिळायला वेळ आहे, तर वरून तात्पुरता थर चालेल. पण मग तो भाग पुढे बदलायचाच आहे हे मनाशी पक्कं असू द्या.

जाता जाता एक सांगतो, कारण गावात हे फार दिसतं. वाद्यं गोठ्यात टांगू नका. जनावरांच्या मूत्रातून अमोनिया निघतो. घडाईचा ताण असलेलं पितळ अमोनिया आणि ओल यांत राहिलं की काही न होता तडकतं. इंग्रजी फौजेला हे हिंदुस्थानातच कळलं. पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवलेली पितळी काडतुसं आपोआप चिरायची. अमोनियाचं कारण १९२१ मध्ये संशोधकांनी नीट मांडलं. बँडची वाद्यं पावसाळाभर बंद असतात, नेमका तोच काळ धोक्याचा.

बाजावाला_दारव्हा

आमचं सामान गोठ्याला लागूनच्या खोलीत असतं. आजच समाजमंदिरात हलवायला सांगतो.

कासारकाका, आता युफोनियमचं. लागलेला एपॉक्सी काढता येतो का? एसीटोनने निघेल असं एकजण म्हणाला. आणि तुमच्याकडे आणायचं तर पूर्ण विदर्भ ओलांडावा लागेल. तालुक्यातल्या कारागिराला काय सांगून काम करून घेऊ?

कासारआळी_भंडारा

एसीटोनने झटपट चिकटणारा पातळ गोंद विरघळतो. पक्का झालेला एपॉक्सी विरघळत नाही, फार तर फुगतो. त्याला उकळतं पाणी बरं. आधी पिस्टन, स्प्रिंगा, नमदे, सगळं काढून ठेवा. जागेवर जाड कापड गुंडाळून त्यावर उकळतं पाणी सावकाश ओतत राहा. धातूमित्र म्हणाले तसा तो मऊ पडेल. मग बांबूच्या चपट्या काडीने खरवडा. सुरीने खरवडलं तर पितळ खरचटतं. ज्योतीने जाळून काढू नका, धूर विषारी असतो आणि जळकी राख ओरखड्यांत बसते. उरलासुरला थर पॉलिश पेपरने काढा, नळीवरचा आणि टेकूच्या पायाखालचा, दोन्ही. नवं, पिवळं, चकचकीत पितळ दिसलं पाहिजे. एवढं तुम्ही करून नेलंत तर तो कारागीर नाही म्हणणार नाही.

त्याला सांगा, दोन्ही तोंडांवर आधी वेगवेगळा कथलाचा पातळ हात द्यायचा. मग टेकू जागेवर ठेवून तारेने हलका बांधायचा, ज्योत टेकूच्या जाड पायावर फिरती ठेवायची, नळीवर रोखायची नाही. शेजारचे सांधे ओल्या फडक्याने झाकायचे, नाहीतर एक लावताना दुसरा सुटतो. सोल्डरची तार ज्योतीत वितळवायची नाही, तापलेल्या पितळाला टेकवायची. पितळानेच ती ओढून घेतली पाहिजे. पूर्ण निवेपर्यंत हलवायचं नाही. वॉल्वच्या पिपांजवळ, म्हणजे पिस्टन सरकतो त्या नळकांड्यांजवळ, ज्योत नकोच, पीप जरा जरी वाकलं तर पिस्टन अडकतो.

नर्स_ताई_पुसद

एक शंका. शिसं असलेली तार तोंडाजवळ वापरलेली चालते का? बँडमध्ये चौदा-पंधरा वर्षांची पोरंही वाजवतात.

कासारआळी_भंडारा

ताई, बरं विचारलंत. माउथपीस आणि त्याला लागून असलेली नळी, म्हणजे जिथे ओठ आणि थुंकी लागते, तिथे बिनशिशाचंच सोल्डर. कथील आणि थोडी चांदी असलेलं २२१ अंशाला वितळतं, कथील-तांब्याचं २२७ ला. ज्योत थोडी जास्त लागते, एवढंच. नळाच्या कामाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात बिनशिशाचं म्हणून मागा. बाहेरच्या टेकूला जुनी तार लावली तरी काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय कुणी तंबाखू मळायची नाही की भाकरीला हात लावायचा नाही. शिसं पोटात जातं ते बहुतेक बोटांवरून.

आणि बाजावाले भाऊ, शेवटचं काम विसरू नका. आमचे लोक जस्त टाकून मारलेलं अ‍ॅसिड किंवा नवसागर लावतात. त्याने पितळ झटकन साफ होतं, पण सांध्याच्या कडेला उरलं तर पावसाळ्यात हिरवा गंज धरतो आणि पितळ खात जातो. निवल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारून घ्या, मग साबणाच्या कोमट पाण्याने आतून-बाहेरून धुवा, उन्हात नको, सावलीत पूर्ण वाळवा. जिथलं लॅकर गेलं तिथे पातळ मेण चोळा. पिस्टन घालताना तेलाचे दोन थेंब टाका, आणि प्रत्येक पिस्टनचा आकडा त्याच्या पिपाच्या आकड्याशी जुळवूनच आत सोडा.